गुळणी धरून पाहिलेलं औषध

माझ्या नोकरीत मी एका अहवालात एक ओळ खोटी लिहिली. एकच. ती दुरुस्त करायला हा लेख लिहायला बसले आहे, नाहीतर दिवाळी अंकात आठवणी लिहायची मला बिलकूल हौस नाही. आमच्याकडे निवृत्त झालेला माणूस एक तर लेख लिहितो नाहीतर काजूची कलमं लावतो. मी कलमं लावली आहेत.

कसालच्या बाजारापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आयुर्वेदिक औषधं बनवणारा एक कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याच्या चार शेड, काढे उकळायच्या दोन मोठ्या कढया, चूर्ण दळायची एक गिरणी आणि सगळ्यात मागे, भंगाराच्या खोलीला लागून, आमची प्रयोगशाळा. मुंबईतली नोकरी सोडून मी गावी आले आणि अठ्ठ्याण्णव साली तिथे लागले ती यंदा बाहेर पडेपर्यंत तिथेच होते. रसायनशास्त्र शिकलेली बाई दिवसभर पाल्याची नि मुळ्यांची पोती हुंगत बसते, याचं लोकांना भारी नवल. 'लॅबवाली बाय' हे नाव पहिल्याच महिन्यात पडलं. माझं खरं नाव पोस्टमनला तेवढं माहीत होतं.

काम काय, ते सांगते. समजा कोणी वावडिंगाचं पोतं आणलं. वावडिंग म्हणजे जंताच्या औषधात घालतात ते मिरीएवढं फळ. तसंच दिसणारं दुसरंही फळ रानात मिळतं आणि ते गोळा करायला सोपं. डोळ्यांनी फरक कळत नाही. मग त्याचा अर्क काढायचा आणि त्यात थोडा अमोनिया घालायचा. खरं वावडिंग असेल तर जांभळट निळा साका बसतो. नसेल तर पुरवठादाराचा चेहरा निळा पडतो. दोडामार्गाकडचा एक पुरवठादार दर वेळी परीक्षानळीकडे बघत देवाचं नाव घ्यायचा, त्यावरूनच मला निकाल आधी कळायचा.

दुसरी युक्ती पट्टीची. शाळेत ओल्या खडूवर शाईचा ठिपका ठेवला की तो वर चढता चढता फुटून त्याचे दोन-तीन रंग व्हायचे, आठवतं? तेच आम्ही काचेच्या पट्टीवर करतो. पट्टीवर पांढऱ्या पुडीचा पातळ थर, खाली औषधाच्या अर्काचा ठिपका, आणि पट्टी द्रावणात उभी. द्रावण वर चढतं, तशी अर्कातली द्रव्यं आपापल्या जागी थांबत जातात. मग अंधाऱ्या पेटीत जांभळ्या दिव्याखाली पट्टी धरायची. कुठे पिवळा डाग, कुठे लाल, कुठे आभाळी. प्रत्येक वनस्पतीची डागांची ओळ वेगळी. इतक्या वर्षांत मी अशा किती पट्ट्या पाहिल्या असतील देव जाणे, पण पेटीचं झाकण लावताना एकच प्रश्न, अगदी शेवटच्या दिवशीही. आत काय दिसेल? त्या एका प्रश्नासाठी मी पगार नसता तरी गेले असते, पण हे मालकांना कधी कळू दिलं नाही.

कारखान्याची कामं सोडून लोकही यायचे. बांद्याचा एक गृहस्थ थर्मासमधून चहा घेऊन आला. "मॅडम, ह्या चायेत माझी बायल कायतरी घालता. म्हयनो झालो, माका दारू लागणाच नाय. काय घालता ता हुडकून काडा." मी तीन दिवस खपले. आलं, गवती चहा, साखर. त्यापलीकडे काही नाही. तसं लिहून दिलं. त्याने कागद दोनदा वाचला आणि फार हिरमुसला. "म्हणजे मी आपसूकच सोडलंय?" म्हणाला. मी म्हटलं, असं दिसतंय खरं.

मी अहवालात जे सापडलं तेच लिहायची. ना जास्त, ना कमी. याचा मला तोरा होता, आणि त्या तोऱ्यातच माझी चूक झाली.

त्याचं असं झालं. सांधेदुखीवर पुड्या देणारा एक फिरता बुवा होता. पुडी घेतली की म्हातारी माणसं पळायला लागायची. आमच्या पट्टीवर त्या पुडीत स्टेरॉईड सापडलं. बातमी साऱ्या तालुक्यात झाली आणि घरगुती औषधं देणाऱ्या चांगल्या माणसांकडेही लोक संशयाने बघू लागले. मग तीच माणसं बाटल्या नि पुड्या घेऊन माझ्या दारात. 'ह्यात स्टिराड नाय असां लिवन द्या.'

त्यात एक दिवस बाबल आला. मालवणच्या पुढे खाडीकाठच्या एका गावचा, होडीवर जाणारा, पस्तिशीचा. हातात गडद लाल पाण्याची बाटली. त्याची आई भागीकाकी अंगावर उठणाऱ्या पित्तावर औषध द्यायची. सासूकडून आलेलं. पैसे घ्यायची नाही.

"काय काय आसा ह्यात?" मी विचारलं.

"माका काय म्हायत! कोकमाचा आगळ आसा ता दिसताच. बाकी ती सांगणा नाय. सांगल्यार गुण जाता."

हे आमच्याकडे सगळीकडे आहे. औषध देणाऱ्याने वनस्पतीचं नाव तोंडातून काढायचं नाही. मरायच्या आधी कोणा एकालाच द्यायचं. मला या प्रकाराचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त मजा यायची. नाव न सांगता बाटली समोर ठेवणं म्हणजे मला कोडंच घातल्यासारखं होतं.

मी पट्टी केली. स्टेरॉईड नव्हतं. पण पट्टीच्या मध्यावर एक आभाळी डाग दिसला, असा मी कधी पाहिला नव्हता. माझ्याकडच्या कुठल्याच वनस्पतीशी जुळेना. वहीत त्याचं चित्र काढून ठेवलं, आणि नियमाप्रमाणे थोडं औषध लहान बाटलीत भरून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवलं. त्याला राखीव नमुना म्हणतात. पुढे भांडण झालं तर तपासायला. बाबलला कागद दिला: 'नमुन्यात स्टेरॉईड आढळले नाही.' खाली सही, शिक्का.

बाबलने तो कागद प्लास्टिकमध्ये मढवून दाराशेजारी भिंतीवर लावला. येणारा जाणारा तो वाचायचा आणि त्याचा अर्थ घ्यायचा की लॅबवालीने सांगितलंय, औषध चोख आहे. मी तसं कुठे लिहिलं होतं? मी फक्त एक गोष्ट शोधली होती आणि ती नाही एवढं म्हटलं होतं. पण मढवलेला कागद कोण एवढ्या बारकाईने वाचतो?

दीड वर्ष गेलं. कणकवलीहून एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ओळख ना पाळख, एकदम तोफच. "भागीरथीबाईंच्या घरात तुमच्या सहीचा कागद आहे. मी स्वतः पाहून आले. त्याच औषधाने माझी पेशंट मरायला टेकली आहे."

पेशंट म्हणजे शेवंती, भागीकाकीच्याच वाडीतली मासळी विकणारी. तिच्या अंगावर सारखं पित्त उठायचं, म्हणून ती वर्षभर दर थोड्या दिवसांनी काकीचं औषध घेत होती. आता पोटात मुरडा, अंगात रक्त नाही, हिरड्यांवर निळसर रेघ. डॉक्टरीणबाई हुशार. त्यांनी रक्त मुंबईला पाठवलं. रक्तात शिसं निघालं. घरातल्या कशातून, होडीच्या रंगातून किंवा जाळ्यातून हे आलंय का, असं त्यांनी शेवंतीला खोदून विचारलं. पण ती फक्त मासळी विकायची, घरात होडी नाही, जाळं नाही. औषधाखेरीज वेगळं ती काहीच घेत नव्हती.

"आठ दिवस देते तुम्हाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग मी वर कळवणार. त्या बाईवर केस होईल आणि तुमच्या सहीचं काय करायचं ते तुम्ही बघा."

शेवंतीच्या घरातली उरलेली बाटली त्यांनी पाठवून दिली. शिसं शोधायची जुनी रीत आहे. औषध आटवून, जाळून राख करायची, राख ॲसिडमध्ये विरघळवायची आणि त्यात पोटॅशियम आयोडाइड घालायचं. शिसं असेल तर पिवळाधमक साका येतो. खात्री करायला नळी तापवायची. साका विरघळून पाणी स्वच्छ होतं. मग गार होऊ द्यायचं. मी नळी हातात धरून खिडकीशी उभी राहिले. हळूहळू पाण्यात सोनेरी कण दिसायला लागले, झगमगत, एकावर एक तरंगत. रसायनशास्त्रात याहून देखणं काही मी पाहिलेलं नाही. आणि त्या दिवशी ते माझ्या सहीच्या औषधात होतं.

मग कपाट आठवलं. राखीव नमुन्याची बाटली मागच्या रांगेत होती, चिठ्ठी पिवळी पडलेली. तिच्यावर तीच चाचणी केली. काही नाही. पुन्हा केली. काही नाही. म्हणजे मी तपासलं तेव्हा औषधात शिसं नव्हतंच. त्यानंतर कुठूनतरी आलं होतं. जीव भांड्यात पडला, हे कबूल करते. आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण शेवंती अजून हॉस्पिटलात होती.

दुसऱ्या दिवशी मी एसटी पकडून काकीकडे गेले. काटक, उंच बाई, नाकात मोठी नथ, बोलायला फटकळ. मला बघून खूश झाली. सोलकढीची वाटी तिने दोन्ही मनगटांत धरून आणली, बोटांनी नाही. मी ते पाहिलं. वयाने होतं असं, म्हटलं, आणि सोडून दिलं. बारीकसारीक डाग हुडकणारी मी, आणि डोळ्यांसमोरचे हात मला दिसले नाहीत. हे मला अजून खुपतं.

"काकी, औषध देवचा थांबव," मी म्हटलं. "तेच्यात शिसां आसा."

"शिरा पडली तुझ्या तोंडार! भिंतीर तुझोच कागद आसा, तो वाच."

"तो कागद वेगळ्याचो होतो गो. मडक्यां बदललंस काय?"

"नाय."

"बरणी?"

"नाय."

"झाड?"

"झाड खंय जातला? माझ्या सासयेच्या येळेपासून थंयच आसा."

औषध मातीच्या मडक्यात मुरायचं, म्हणजे तांब्या-पितळेच्या कल्हईचा प्रश्न नाही. साठवायच्या बरणीत मी व्हिनेगर ठेवून ते तपासलं. स्वच्छ. आगळाची बाटली नेऊन तपासली. स्वच्छ. चार दिवस असे गेले. सगळं जागच्या जागी, काही बदललेलं नाही, आणि औषधात शिसं. मला झोप लागेना. भीतीने की कुतूहलाने, ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

शुक्रवारी पुन्हा गेले. "काकी, करताना काय काय करतंस ता सांग. नायतर तुझ्यार केस होतली."

ती म्हणाली, "सांगूक माका येवचा नाय. आणि दारात इल्ल्याक परत धाडूक पण येवचा नाय. तसो नेम आसा. माका तुरुंगात व्हरूदेत."

"अगो, पण लोकांच्या पोटात शिसां जाता!"

यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवंतीच्या लग्नात हळद तिनेच लावली होती. अंगणात सुकत घातलेल्या बांगड्यांवरचे कावळे तिने हाकलले. मग एकदम माझ्याकडे वळली.

"बोलूचा नाय असां सासयेन सांगलेला. दाखवूचा नाय असां काय ती बोलूक नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे आयतवारी सकाळी ये. माझ्या वांगडा रव. पण तोंडातून शब्द काडलंस तर मडक्यां नासता. सगळा खाडयेत ओतूक लागता. तुझी टकळी गप रवतली?"

माझी टकळी हा तालुक्याचा विषय होता. काकीकडे उपाय होता. स्वतः ती वर्षानुवर्षं तोच करायची. तोंडात पाण्याची गुळणी धरायची. पाणी तोंडात असेपर्यंत बोलणं शक्यच नाही.

रविवारी बाबल पहाटेच होडीवर गेलेला. तो असता तरी उपयोग नव्हता, कारण पुरुषाने त्या मडक्याला हात लावायचा नाही असा नेम. घरात एरवीही मायलेक दोघंच. आम्ही दोघींनी तोंडात पाणी भरलं आणि निघालो. झाड कुठे, कसलं, ते लिहिणार नाही. काकीने कोयतीने साल काढली. मनगटं लुळी पडत होती, कोयती निसटत होती, तरी मला हात लावू दिला नाही. वाटेत एक ओळखीची बाई भेटली आणि आमचे दोघींचे फुगलेले गाल बघून हसत बाजूला झाली. तिला हे रोजचं असावं. मला मात्र नाकाने श्वास घेता घेता नऊ प्रश्न सुचले आणि एकही विचारता येईना.

परसात मडकं धुऊन ठेवलेलं होतं. काकीने साल ठेचून आत टाकली, वर आगळ ओतलं. साल हलकी, ती लगेच वर तरंगायला लागली. तरंगणारी साल नीट मुरत नाही, तीन दिवस ती आगळाखाली दबून राहायला हवी. काकीने खुंटीवरची एक पुरचुंडी काढली. पांढऱ्या फडक्याची, मूठभर, वर दोरीचा फास. फासात एक बोट अडकवून तिने ती सालीवर सोडली. पुरचुंडी टपकन खाली गेली.

एवढीशी पुरचुंडी, आणि इतकी जड?

माझ्या तोंडातलं पाणी नाकातोंडातून बाहेर आलं. "काकी, थांब! त्यात काय आसा?"

काकीने माझ्याकडे असं बघितलं की वाटलं कोयती येते आता. तिने आपली गुळणी थुंकली. "फटकी इली तुका! नासवलंस मा! उटव ता मडक्यां, ओत खाडयेत!"

मी मडक्यात हात घातला आणि पुरचुंडी काढून गाठ सोडली. आत जाळ्याला लावायचे शिशाचे मणी होते. जाळं पाण्यात खाली जावं म्हणून कडेला ओवतात ते. वापरातले मणी काळपट असतात. हे घासल्यासारखे उजळ झाले होते, काही तर बाजूने खाल्लेले. आगळ आंबट आणि खारट. त्यात तीन-तीन दिवस, दर आठवड्याला, दीड वर्ष.

"ह्यां खंयसून इला?"

काकीचा राग अजून उतरला नव्हता. "पूर्वी न्हयतल्या धोंड्याचो गुंडो ठेवी मी. हातातून निसटूक लागलो. एकदा मडक्यां फोडल्यान. मग बाबल्यान ही बांधून दिल्यान. बोटार अडकवलां की झाला. माझ्या झिलाचां डोकां चलता."

"मग काय बदलूक नाय म्हणान कित्याक सांगलंस?"

"औषधात काय बदलूक नाय, असां सांगलंय. गुंडो काय औषध आसा?"

तिला ते खरोखर बदल वाटलंच नव्हतं. त्यांच्या घरात शिशाचे मणी म्हणजे मिठासारखी रोजची वस्तू. पोरं ते खिशात घेऊन फिरतात, जाळं दुरुस्त करताना दातात धरतात. मी तिला समजावलं. हेच ते शिसं. आगळ ते खातं आणि माणसाच्या पोटात नेतं. रक्त आटतं, पोटात मुरडा येतो, हातातला जोर जातो.

शेवटचं वाक्य मी इतर लक्षणांच्या ओघात बोलून गेले. काकी आपल्या हातांकडे बघायला लागली.

"मडक्यां उगडल्यार पयलो घोट माझो," ती म्हणाली. "तसो नेम आसा. देतलीन आधी घेवचो, मग दुसऱ्याक."

मग मला ते हात दिसले. मनगटातून खाली लोंबणारे. पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं लक्षण. आधी वयाने जरासे थकलेले हात, म्हणून मुलाने पुरचुंडी बांधली, आणि त्या पुरचुंडीने ते हात पुरते घालवले. काकीला मला काही उलगडून सांगावं लागलं नाही. तिला माझ्याआधी कळलं होतं.

ती म्हणाली, "बाबल्याक सांगू नको गो. तो खुळो होतलो."

मी पुरचुंडी पिशवीत टाकली आणि डोळ्यांत आलेलं पाणी पदराने पुसलं. मडकं मी स्वतः नेऊन खाडीत ओतलं.

डॉक्टरीणबाईंना मी तोंडी सगळं सांगितलं. त्यांनी वाडीत जाऊन औषध घेणाऱ्यांची रक्तं तपासली, जाळं दुरुस्त करणाऱ्यांचीही. शेवंती सहा महिन्यांत पुन्हा मासळीची पाटी घेऊन बाजारात बसली. काकीवरही उपचार झाले. उजवा हात थोडाफार सुधारला, डावा शेवटपर्यंत लुळाच राहिला. केस काही झाली नाही. पुरचुंडीशिवाय मुरवलेलं नवं औषधही मी तपासलं, ते स्वच्छ निघालं. पण वाडीतल्या लोकांना कागद हवा होता, आणि तो कागद घ्यायला येणार होता बाबल. त्यात लिहिलं: 'नमुन्यात शिसे आढळले. जुने औषध घेऊ नये. नवीन नमुन्यात शिसे आढळले नाही. शिशाचा उगम निश्चित करता आला नाही.'

ती शेवटची ओळ खोटी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोंडी सांगता, मग कागदावर का नाही?" मी म्हटलं, "कागद तो वाचणार आहे."

काकीने औषध सोडलं नाही, नदीतला गुंडा परत आणला. पण तो उचलणार कोण? मग मी दर रविवारी पहिल्या एसटीने जायला लागले. तोंडात गुळणी, हातात गुंडा. बोलायचं नाही. पाच वर्षांत मी जेवढी गप्प राहिले तेवढी जन्मात राहिले नव्हते. तो आभाळी डागही माझ्या मागे होताच. झाड आता कळलं होतं, म्हणून नुसत्या सालीची पट्टी केली. डाग नाही. नुसत्या आगळाची केली. नाही. दोन्ही एका भांड्यात तीन दिवस मुरवली तरच तो डाग येतो. तो कशाचा आहे, पित्त त्यानेच बसतं की आगळाने, हे मला अजून माहीत नाही. मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला असता तर कळलं असतं, पण पाठवायला झाडाचं नाव लिहावं लागतं. फॉर्म मी दोनदा भरला आणि फाडला. मला याचं वाईट वाटतं, फार वाटतं. पण फॉर्मवर नाव लिहिणं म्हणजे सांगणंच, आणि मी तिच्या नेमाच्या आत उभी राहून ते पाहिलं होतं.

एका रविवारी गुळणी थुंकल्यावर काकी म्हणाली, "एकाकच देवचा असता. तू बगलंस. म्हणजे तुकाच दिलंय." मी म्हटलं, काकी, मी शास्त्र शिकलेली बाई, मी कसली औषधं देते! ती म्हणाली, "नको देव. ठेव." पुढच्या पावसाळ्यात ती गेली. म्हातारपणाने, झोपेत.

यंदा मी निवृत्त झाले. वैशाखात बाबल घरी आला. केस पांढरे झालेले. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि पिशवीतून मढवलेले दोन कागद काढले. जुना आणि नवा.

"बाय, ही वळ खोटी आसा," त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

मी त्याच्यापुढचा तांब्या उचलला आणि तोंडभर पाणी घेतलं. जुनी सवय.

"माझी पुरचुंडी खुंटयेरून गेली. गुंडो परत इलो. तू आयतवारी येवक लागलंस. मी काय खुळो? पण आवस काय बोलूक नाय, म्हणान मी पण इचारूक नाय. ती आसापर्यंत रोज तिका भात भरवलंय आणि तिचे हात बगलंय. तिका वाटा माका म्हायत नाय. वाटूदे म्हटलंय."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघंही रडलो, लपवत नाही.

मग तो कामाचं बोलला. आदल्या दिवशी तो एका नातेवाइकाकडे जेवायला गेला होता. खारातले आंबे वाढले. बरणीत आंबे वर येऊ नयेत म्हणून त्या लोकांनी वर शिशाच्या मण्यांची पुरचुंडी ठेवली होती. "माझ्यासारकीच गाठ, बाय. मी बरणी उचलून भायर ओतलंय. ते माका पिसो म्हणूक लागले. किती घरांत जावन ओतू? तू लिव. लोकांनी वाचूक व्हया."

"लिवलंय तर तुझां नाव येतला, बाबल."

"येवदेत. खरा ता लिव."

हा लेख छापायला देण्याआधी त्याला वाचून दाखवला आहे. झाडाचं नाव त्यात नाही याची त्याने खात्री करून घेतली. आता अहवालाची दुरुस्ती.

नमुना: भागीरथीबाईंचं पित्ताचं औषध. शिशाचा उगम: जाळ्याच्या शिशाच्या मण्यांची पुरचुंडी, आईच्या थकलेल्या हातांना गुंडा उचलावा लागू नये म्हणून तिच्या मुलाने, बाबलने, बांधून दिलेली.